कॉलेजच्या निवडणुकीला कोण उभं राहणार? आधीच ओळखायचं कसं

पहिल्यांदा यादी केली तेव्हा मी पाच नावं लिहिली होती. पाचही चुकली. फेस्टचं निवेदन करणारा, डान्स टीमची कॅप्टन, दहीहंडीच्या वरच्या थरावरचा, वर्गातला पहिला आणि एक बुलेटवाला. स्टेजवर किंवा गेटवर जो दिसेल तो उमेदवार, एवढाच माझा हिशोब. प्रत्यक्षात जी मुलगी उभी राहिली तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. हे ठाण्यातल्या एका कॉलेजातलं, वर्गप्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषदेसाठी चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या मतदानातलं. त्यानंतर दरवर्षी यादी करत गेलो आणि हळूहळू पद्धत बसली.

एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवा. कोण निवडून येणार हा निराळा प्रश्न. इथे फक्त अर्ज कोण भरणार एवढंच शोधायचं आहे. दोन्ही एकत्र केले की आपल्याला जो जिंकावासा वाटतो त्याचंच नाव यादीत चढतं.

आधी जागा मोजा

महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुकांचा इतिहास तुटक आहे. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्या हिंसाचारानंतर निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणांवर नेमणूक करायची पद्धत आणली. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट मतदान कागदावर परत आणलं. 2019 मध्ये ते होणार म्हणता म्हणता पुढे गेलं. दरम्यान कॉलेजं आपापल्या पातळीवर सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, निवडतात, कुठे हात वर करून, कुठे चिठ्ठ्या टाकून.

2016 च्या कायद्यातली रचना मात्र डोक्यात ठेवा. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांसाठी आळीपाळीने येणारी एक जागा, यांना सगळं कॉलेज मत देतं. सीआरला फक्त त्याचा वर्ग. एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक विभागाचे प्रतिनिधी प्राचार्य नेमतात. म्हणजे एनसीसीचा सिनिअर किंवा नाटकातला हिरो अनेकदा अर्ज भरण्याच्या भानगडीत पडतच नाही, त्याला नेमणुकीची आशा असते. माझ्या पहिल्या यादीतली दोन नावं इथेच गळायला हवी होती.

मग गाळणी लावा

विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. उमेदवार ओळखणाऱ्याला त्यातले चार मुद्दे पुरतात. पदवीच्या मुलांसाठी वय 17 ते 22. हजेरी किमान 75 टक्के. त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. आणि पदाधिकारी म्हणून लढायची संधी एकदाच, कार्यकारिणीचा सदस्य म्हणून दोनदा.

एटीकेटीवर, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षाला गेल्यावर, सगळ्यात जास्त नावं कटतात. बुलेटवाला गणितात अडकला होता. हे मला कळलं ते फॉर्मच्या दिवशी, आणि तेही त्याच्याच तोंडून: ‘अरे यार, मॅथ्स राहिलंय ना.’ निकाल लागला की कोण केटीच्या फॉर्मच्या रांगेत दिसतो तेवढं बघून ठेवा. मुद्दाम विचारायला जाऊ नका, कुणालाच ते आवडत नाही.

हजेरीसाठी डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी. नोटीस बोर्डावर लागते, तिच्याभोवती दहा मिनिटं गर्दी असते, मग कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ठाण्यात यात एक खास भर आहे. गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो. सकाळी सातचं लेक्चर असलेल्या वर्गात तळाच्या थरातली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये क्वचितच दिसतात. एरवी हीच मुलं उमेदवार म्हणून भारी, कारण एका हाकेला साठ जण गोळा करतात. पण 75 टक्क्यांच्या चाळणीत ती खाली राहतात.

एकदाच मिळणाऱ्या संधीचा नियम जरा खोल आहे. एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, हुशार मुलगा विचार करतो की आत्ता अध्यक्षपदाला पडलो तर टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, दार बंद. म्हणून तो यंदा सीआर होतो आणि पुढच्या वर्षाची वाट बघतो. त्यामुळे वरच्या पदांसाठी टीवायची नावं जास्त शोधा, एसवायची सीआरच्या खान्यात टाका. टीवायमध्येही सीईटी किंवा सीएचं ओझं असलेले मागे हटतात. परीक्षेची तारीख विचारली की कळतं.

लोक कुणाला फोन करतात ते बघा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. उरलेलं दोन दिवसांत होतं, याला महिनाभर लागतो.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर रेल्वे कन्सेशनची रांग लागायची. पासची मुदत संपत आलेली, फॉर्मवर पत्ता चुकलेला, आयकार्डावरचा शिक्का पुसलेला, आतले काका जेवायला गेलेले. त्या रांगेत टिटवाळ्याची एक मुलगी असायची. तिच्या पिशवीत कायम दोन निळी पेनं, गोंदाची बाटली आणि पारदर्शक फोल्डर. एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची, मुलं तिच्याकडे फॉर्म द्यायची, ती स्टेशनचं नाव तपासायची, जन्मतारखेवर बोट ठेवायची आणि म्हणायची, ‘हे आधारवर आहे तसंच लिही, नाहीतर परत येशील.’ काका तिला नावाने हाक मारायचे. मी त्या रांगेत दर महिन्याला उभा राहिलो, तिच्याकडून एकदा गोंदही घेतला, आणि तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं.

जुलैत एफवायची मुलं कुणालाच ओळखत नसतात. संख्येने ती सगळ्यात जास्त, आणि त्यांना पहिल्या महिन्यात ज्याने मदत केली त्याचाच चेहरा लक्षात राहतो. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत मदत कक्षात कोण बसलं होतं, वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप कुणी काढला, रात्री अकरा वाजता ‘उद्या लेक्चर आहे का’ या प्रश्नाला उत्तर कोण देतं, हे टिपा. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाची यादी कुणी सांभाळली हेही विचारा. शिबिरात माणूस लपत नाही.

अशी नावं दहा-बारा निघतात. गाळणीतून उरतात पाच-सहा.

गट गाडीवरून ओळखा

बाहेरच्याला वाटतं की कॉलेजात गट विषयावरून पडतात, कॉमर्स वेगळं, सायन्स वेगळं. ठाण्यात ते गाडीवरून पडतात. कसारा-बदलापूरकडून येणारे, कळवा-दिव्याचे, घोडबंदर रोडवरून बसने धक्के खात येणारे, आणि ट्रान्स हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोलीहून येणारे. रोज दीड तास एकत्र उभं राहिल्यावर जी ओळख होते ती वर्गात होत नाही. डब्यात कुणासाठी जागा धरली जाते, कुणाची बॅग रॅकवर आपोआप चढवली जाते, ते बघा. प्रत्येक गाडीला आपला एक माणूस असतो.

चालत घरी जाणारी नौपाड्याची मुलं या बाबतीत तोट्यात असतात. त्यांच्या पाठीशी डबा नसतो, कट्टा असतो, आणि कट्ट्यावर बोलणारे पुष्कळ, अर्जावर सूचक म्हणून सही करणारे थोडे.

टिटवाळ्याच्या त्या मुलीने नंतर सांगितलं की तिचा उभं राहायचा विचारच नव्हता. महिलांच्या डब्यातल्या तिघींनी फॉर्म आणला, कल्याण ते ठाणे भरला, सूचक-अनुमोदक त्याच झाल्या आणि प्लॅटफॉर्मवर उतरताना तिच्या हातात पेन दिलं. म्हणून इच्छुकाकडे बघता तसं त्याच्या आजूबाजूच्या दोघांकडेही बघा. ते कामाला लागले की नाव पक्कं समजा.

शेवटच्या दहा दिवसांतल्या खुणा

लिंगडोहच्या चौकटीत सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी आणि अर्जापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत उरकावं असं आहे. म्हणून खुणा अचानक आणि एकदम दिसतात. कधी न बोलणारा मुलगा एफवायच्या मजल्यावर फिरू लागतो. ‘मी’ म्हणणारा ‘आपण’ म्हणू लागतो. व्हॉट्सअॅपचा डीपी गोव्यातल्या समुद्रावरून कुर्त्यातल्या फोटोवर येतो. मॅडमना ‘माझी अटेंडन्स किती झाली?’ असं कुणी स्वतःहून विचारलं तर त्या नावापुढे दोन बरोबरच्या खुणा करा, एरवी तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आणखी एक खूण चित्रकारांची. खर्चाची मर्यादा 5,000 रुपये आणि छापील पोस्टरला बंदी, हाताने केलेलीच चालतात. त्यामुळे रांगोळी आणि पोस्टर स्पर्धेतल्या मुलांना या दिवसांत भाव येतो. ती कुणाच्या टेबलावर चहा पितात ते कॅन्टीनमध्ये बसून दिसतं. नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेल्या दादाला मात्र फार गुण देऊ नका. नाक्यावरचे भाऊ कॉलेजात मतदार नसतात, आणि पक्षाचा पैसा घेणं नियमात बसत नाही.

यादी लिहायची ती पेन्सिलने

वहीच्या एका पानावर चार रकाने करा: नाव, गाळणीत बसतं का, कोणाच्या मदतीला धावतं, सूचक कोण असू शकेल. चारही भरले तर नाव पक्कं. तीन भरले तर ठेवा. दोनच भरले तर कितीही आवडतं नाव असलं तरी खोडा. राखीव जागेसाठी कुणाची जात विचारत फिरू नका, इच्छुक स्वतः पुढे येतात. यादी ग्रुपवर टाकू नका. एका वर्षी माझ्या मित्राने टाकली, त्यातल्या एका मुलीच्या घरी ती पोचली आणि तिने भरायचा ठरवलेला अर्ज भरलाच नाही. अंदाज बरोबर होता, आम्हीच तो चुकवला.

छाननीनंतर माघारीचा दिवस येतो, आणि तिथे सगळी गणितं हलतात. सीआरचं पद देतो, तू माघार घे, असे सौदे जिन्यात होतात. त्या दिवशी दुपारी जेवायला जाऊ नका. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसा, अर्ज मागे घ्यायला कोण एकटा येतो आणि कोणाला दोघं धरून आणतात ते बघा, आणि वेळ संपली की काका खिडकी लावतील तेव्हाच पानावरची शेवटची फुली पेनने मारा.