अळी निघालेला पुडा फेकू नका
पुड्यात अळी दिसली की आपल्याकडे पुडा आधी उकिरड्यावर जातो, मग दुकानदाराशी भांडण होतं. उलटं करा. पुडा तसाच बांधून ठेवा; बॅच नंबर, तारीख, १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक यांचे फोटो काढा. त्याच बॅचचा न फोडलेला पुडा मिळाला तर सोनंच! फोडलेल्या पुड्यावर ‘अळी तुमच्याच घरची’ म्हणायला कंपनी मोकळी असते. पक्कं बिल मागाच, उधारीच्या वहीवर विसंबू नका. ‘साखर नाही’ छापून आत साखर निघाली तरी हेच. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार. दाद नाही मिळाली तर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असली तरी पुसदच्या माणसाला यवतमाळला दावा टाकता येतो, आणि मालासाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.