सिनेमा घरच्यांसोबत बघण्याजोगा आहे का, हे कसं जोखायचं

"सिनेमा चांगला आहे, पण मुलांना नको." या एका वाक्यात दोन वेगळे निवाडे एकत्र झालेले असतात. पडद्यावर काय दिसतं, काय ऐकू येतं आणि ते कोणत्या वयाला झेपेल, हा पहिला. ही गोष्ट कशाला शाबासकी देते, हा दुसरा. पालकांसाठी सिनेमाबद्दल लिहिताना दोन्ही वेगवेगळे लिहा. एकही शिवी नसलेला, रक्ताचा थेंब नसलेला सिनेमा लबाडीला डोक्यावर घेऊ शकतो. उलट, युद्धाची भीषणता दाखवणारा, लहानांना अजिबात न झेपणारा सिनेमा माणुसकीच्या बाजूने ठाम उभा असतो. दोन्हींची सरासरी काढून पाचपैकी साडेतीन तारे दिले, तर आईवडिलांच्या हाती काहीच लागत नाही.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र आधी बघा, पण त्याचा अर्थ समजून घेऊन. भारतात 2023 च्या कायदादुरुस्तीने यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघण्याच्या, वर्गाचे यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे तीन भाग केले. हे आकडे पालकांना दिलेला सल्ला आहेत. 18 वर्षांखालच्यांना बंदी असते ती ए प्रमाणपत्रावर. अमेरिकेत 1984 साली आलेलं पीजी-13, म्हणजे 13 वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र, हाही सल्लाच. ब्रिटनमध्ये मात्र 15 लिहिलेलं असेल, तर 15 वर्षांखालच्या मुलाला थिएटरमध्ये सोडत नाहीत. भारतात थेट ओटीटीवर आलेल्या सिनेमाचा वर्ग 2021 च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो. म्हणजे वर्गाची चिठ्ठी तीच दिसली, तरी तपासणारा तोच असेल असं नाही. शिवाय सिनेमा कुणाची बाजू घेतो, याचं उत्तर त्या चिठ्ठीत सापडत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

त्यासाठी सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा न थांबवता, काहीही न लिहिता. संपल्यावर लगेच दोन ओळी लिहा: मन कुणाच्या बाजूने होतं आणि कोणत्या क्षणी टाळी वाजवावीशी वाटली. हे दुसऱ्या दिवशी लिहिलंत तर विचार करून लिहाल, आणि नेमकी हवी असलेली गोष्ट निसटेल. दुसऱ्यांदा बघताना वही जवळ ठेवा. प्रत्येक नोंदीत वेळ, कुणी काय केलं, त्याचं पुढे काय झालं आणि सिनेमाने ते कसं दाखवलं, एवढं हवं. उदाहरणार्थ:

"0:24. नायक नकार दिलेल्या मुलीच्या मागे बसस्टॉपपर्यंत जातो, वाट अडवतो. मित्र हसतात, मागे खट्याळ संगीत. ती घाबरलेली, पण कॅमेरा तिच्यावर जेमतेम क्षणभर. 0:51 ला ती त्याच्या प्रेमात. मधे माफी नाही."

या प्रसंगात मारामारी नाही, शिवी नाही, उघडं अंग नाही. दृश्यं मोजणाऱ्याच्या यादीत तो येणारच नाही. पण वाट अडवली की मुलगी वश होते, एवढं तो शिकवून जातो. अशा जागी पात्रांची अदलाबदल करून बघा. हेच खलनायकाने केलं असतं, तर संगीत असंच वाजलं असतं का? नसतं, तर सिनेमा कृत्य बघत नाही, माणूस बघून माफ करतो आहे. हीच कसोटी नायकाने दिलेल्या लाचेला, बायकोला मारलेल्या थपडेला आणि पोलिसाने कोठडीत केलेल्या मारहाणीला लावा.

विनोदी प्रसंग वगळू नका. तिथेच सर्वांत जास्त निसटतं. हसू कुणावर आहे ते लिहा: खोटं बोलणाऱ्याच्या फजितीवर, की जाड, तोतऱ्या, गरीब किंवा काळ्या माणसावर?

शेवटी वाईटाला शिक्षा झाली म्हणून सिनेमा लगेच पास करू नका. हॉलिवूडमध्ये 1934 पासून 1968 पर्यंत काटेकोर नीतिसंहिता लागू होती आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता. पण दीड तास गुन्हेगाराचा थाट दाखवून शेवटच्या पाच मिनिटांत त्याला गोळी घातली, तरी लक्षात थाटच राहतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच खरं. सुरुवातीची चोरी आणि तासाभराने झालेली अटक यांचा संबंध त्यांना आपोआप लागत नाही. दोन्ही प्रसंग त्यांच्या मनात सुटेच राहतात. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी सिनेमा बघताना परिणाम चुकीच्या किती जवळ दाखवला आहे, ते तपासा.

भीतीचं कारणही वयानुसार बदलतं. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं रूपाला घाबरतात: विद्रूप चेहरा, माणसाचा प्राणी होणं, अचानक मोठा आवाज. "ते खरं नसतं" ही समजूत त्यांना पुरत नाही. आठ-नऊनंतर राक्षस चालतो. पण घरात शिरलेला चोर, आईचा अपघात, पळवून नेलेलं मूल झोप उडवतं, कारण ते खरंच घडू शकतं. त्यामुळे "हिंसा: मध्यम" अशी नोंद निरुपयोगी आहे. "आईचा मृत्यू पडद्यावर दिसतो, मूल शेजारी रडतं, सुमारे दोन मिनिटं" असं लिहा. "आक्षेपार्ह", "अश्लील", "बोल्ड" हे शब्द टाळा; ते तुमचं मत सांगतात, पडद्यावर काय आहे ते सांगत नाहीत. वाचणाऱ्याच्या घरची रेघ तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. कथेचा शेवट फुटत असेल तर तसा इशारा वर द्या, पण पालकाला लागणारी माहिती लपवू नका.

कोणती आवृत्ती पाहिली, हेही नोंदीत हवंच. डबिंगमध्ये शिव्या सौम्य होतात, सबटायटलमध्ये कधी गाळल्या जातात. टीव्हीवर कापलेली दृश्यं ओटीटीवर शाबूत असू शकतात. भाषा, माध्यम आणि एकूण लांबी लिहिली, की वाचणाऱ्याला आपल्यासमोरचा सिनेमा तोच आहे का, हे पडताळता येतं. लांबीत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला, तर मुलांना बसवण्याआधी ती आवृत्ती स्वतः बघा.