शहरातल्या गाडीसाठी टायरची नक्षी कशी निवडावी

टायरच्या दुकानात नजर आधी जाते ती बाणासारख्या तिरक्या खाचांच्या झोकदार नक्षीकडे. ऑफिस, शाळा, मंडई एवढंच करणाऱ्या गाडीला मात्र तीच नक्षी बहुधा गैरसोयीची पडते.

टायरवर गोल फिरणाऱ्या रुंद खाचा साचलेलं पाणी मागे फेकतात, आडव्या खाचा ते बाजूला काढतात. शिवाय रबराच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्यांना सायप म्हणतात. शहरात मोठं काम या चिरांचं, आणि टायर घेताना त्यांच्याकडेच कुणी बघत नाही. ४०-५० च्या वेगात, नक्षी शाबूत असेल तर, टायर पाण्यावर तरंगायची वेळ सहसा येत नाही. ती येते ८० च्या आसपास किंवा पुढे, फ्रीवेवर नाहीतर एक्सप्रेसवेवर. शहरात गाडी घसरते ती पातळ थरावर: जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून झालेला बुळबुळीत लेप, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा, मॅनहोलचं लोखंडी झाकण, झिजून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. तिथे प्रत्येक चिरेची कड तो थर कापते आणि रबर रस्त्याला टेकतं.

नक्षीच्या मुख्य जाती तीन. दोन्ही बाजू सारख्या असलेली सिमेट्रिक नक्षी स्वस्त, आवाजाला कमी आणि कुठल्याही चाकाला चालणारी. महिन्याला ५००-६०० किमी फिरणाऱ्या हॅचबॅकला ती पुरेशी आहे. उगाच जास्त पैसे घालू नका. असिमेट्रिक नक्षीत बाहेरच्या बाजूला मोठे, भक्कम ठोकळे असतात, ते वळणावर गाडी धरतात. आतल्या बाजूला पाण्यासाठी खाचा आणि चिरा जास्त. पावसात रोज गाडी काढावी लागणाऱ्यांनी, विशेषतः सेदान किंवा छोटी एसयूव्ही असेल तर, हीच घ्यावी. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'आउटसाइड' कोरलेलं असतं, ती बाजू चारही चाकांवर बाहेर दिसली पाहिजे. घाईत उलटा बसवलेला टायर सर्रास सापडतो, म्हणून दुकानातून निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा.

तिसरी ती बाणवाली, डायरेक्शनल. साचलेलं पाणी ती उत्तम काढते, पण तिचा खरा फायदा वेगात. ती एकाच दिशेने फिरवायची असल्याने स्टेपनी एकाच बाजूला बरोबर बसते. टायरची अदलाबदलही त्याच बाजूला पुढून मागे एवढीच. डावा उजवीकडे न्यायचा तर रिमवरून उतरवून उलटा चढवावा लागतो. आणि गावाकडच्या कच्च्या रस्त्यासाठी वर्षातून दोनदा लागतात म्हणून मोठ्या ठोकळ्यांचे ऑल-टेरेन टायर घेणं म्हणजे उरलेलं वर्षभर घोंघाट आणि जादा पेट्रोल विकत घेणं. ओल्या डांबरावर ते ब्रेकलाही सहसा कमी पडतात.

काँक्रीटच्या रस्त्यावर आवाज जास्त येतो, त्यासाठी एक सोपी पारख आहे. टायरच्या कडेवरून बोट गोल फिरवत न्या आणि ठोकळ्यांची लांबी बघा. चांगल्या नक्षीत ती मुद्दाम कमीजास्त ठेवलेली असते, म्हणजे सगळे ठोकळे एकाच सुरात गुणगुणत नाहीत. सगळे अगदी सारखे असतील तर ठरावीक वेगाला घूं असा सूर लागतो.

नक्षी कितीही चांगली असली तरी खाचांची खोली संपली की तिचा उपयोग नाही. कारच्या नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिमी असते. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात; साइडवॉलच्या वरच्या कडेवरची 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, तीच कायद्याची मर्यादा. तिथवर थांबू नका. बऱ्याच टायरांत चिरा खाचांइतक्या खोल नसतात, त्या आधीच पुसल्या जातात. म्हणून मे महिन्यात डेप्थ गेजने, म्हणजे खाचेची खोली मोजायच्या छोट्या पट्टीने, आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा. कुठेही ३ मिमीच्या खाली असेल तर पावसाआधी टायर बदला.

मोजताना झीज कुठे आहे तेही कळतं. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा घासला असेल तर जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासून घ्या. टायरवर आडवा तळहात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. तो दुरुस्त केल्याशिवाय नवे टायर घालू नका, काही हजार किमीत त्यांचीही तीच गत होईल.

घेताना माप गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा. '१८५/६५ आर १५ ८८ एच' यातला ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार, एच म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी २१० किमी. भाराचा आकडा कमी करू नका. जास्त रुंद टायर दिसतो छान, पण त्याला पाणीही जास्त बाजूला सारावं लागतं. साइडवॉलवरच्या 'डॉट' कोडच्या शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. टायर वर्षभराहून जुना असेल तर दुसरा मागा.

दोनच टायर बदलायचे असतील तर एकाच नक्षीची जोडी घ्या आणि ती मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचं चाक घसरलं तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून सावरता येतं. मागचं घसरलं की गाडी गर्रकन फिरते. अदलाबदल दर ८,००० ते १०,००० किमीला करा. नव्या रबरावर कारखान्यातल्या साच्याच्या वंगणाचा अंश राहिलेला असू शकतो, तेव्हा पहिले २००-३०० किमी पुढच्या गाडीपासून अंतर जरा जास्त ठेवा.