आबांच्या कॉम्प्युटरचा बूट मेन्यू: बटण दाबलं की थेट विंडोज

सकाळी सव्वासातला कराडहून आबांचा फोन. "अरे, सगळा स्क्रीन निळा झालाय आणि नुसते आकडे पळतायत. मी काही दाबलेलं नाही." मी म्हटलं, "आबा, सगळ्यात वर डावीकडे काय लिहिलंय तेवढं वाचा." त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं: "मेमटेस्ट."

चूक माझी होती. घरी एकच डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज आहे, कारण आबा आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. उबुंटू ही लिनक्स सिस्टिमही आहे, कारण ताईचा मुलगा कॉलेजसाठी तिथेच राहतो आणि त्याचा सगळा अभ्यास त्यावर चालतो. मशिन सुरू केलं की ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू यायचा: शून्य क्रमांकाला उबुंटू, एकला 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', दोनला विंडोज, तीनला यूईएफआय (मशिन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, फर्मवेअर) सेटिंग्ज. ग्रब शून्यापासून मोजतं. म्हणून मी 'आपोआप दोन नंबर उघड' असं लिहून पुण्याला परतलो होतो. पुढे भाच्यानं उबुंटू २२.०४ चं २४.०४ केलं. नव्या मेमटेस्टला यूईएफआयवर चालता येतं, त्यामुळे यादीत मेमरी टेस्टच्या दोन नव्या ओळी शिरल्या, त्याही विंडोजच्या वर. विंडोज गेलं चारवर आणि दोनवर आली मेमरी टेस्ट. मशिननं मी सांगितलेलंच केलं होतं.

त्या दिवशी मी एस्केप दाबायला सांगून मशिन परत सुरू करवलं आणि बाण खाली नेत नेत आबांना विंडोजपर्यंत पोचवलं. पुढच्या रविवारी कराडला जाऊन मेन्यू नव्यानं बसवला. तेच इथे सांगतो. ज्या घरात एक माणूस लिनक्सवाला आणि बाकीचे नाहीत, त्या प्रत्येक घरात हे करून ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मेन्यू जुळवताना डोळ्यांसमोर आपण नको, रोज सकाळी बटण दाबणारा माणूस हवा.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच, उच्चारानुसार लिहिल्या आहेत. मशिनमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच टाइप करायचे. 'ग्रब_' नं सुरू होणारी नावं संपूर्ण कॅपिटलमध्ये, बाकीच्या कमांड लहान अक्षरांत.

सेटिंगची फाइल आणि तिची प्रत

उबुंटूत टर्मिनल उघडा. आधी मूळ फाइलची प्रत काढा, ती असली की काहीही बिघडलं तरी परत फिरता येतं:

सुडो सीपी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.जुनी

मग फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

मेन्यू प्रत्यक्षात ज्या फाइलवरून उमटतो ती वेगळी आहे, /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी. तिच्या डोक्यावरच 'ही फाइल एडिट करू नका' अशी इंग्रजी सूचना असते, ती पाळा. तिच्यात हातानं केलेला बदल पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला पुसला जातो. आपण फक्त सेटिंगची फाइल आणि /ईटीसी/ग्रब.डी या फोल्डरमधल्या छोट्या स्क्रिप्ट बदलायच्या, आणि मग 'सुडो अपडेट-ग्रब' म्हणायचं. त्यातून ग्रब.सीएफजी नव्यानं तयार होते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर ही कमांड नाही, तिथे 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' चालवून फाइल कुठे लिहायची तेही सांगावं लागतं.

विंडोज सगळ्यात वर आणायचं

माझ्या मते कामाचा खरा भाग हा. बहुतेक जण 'ग्रब_डिफॉल्ट' ला विंडोजचा क्रमांक देतात आणि विसरतात. मीही तेच केलं होतं. क्रमांक कधीही सरकू शकतो. क्रमांकाऐवजी ओळीचं पूर्ण नाव देता येतं, पण त्या नावात कंसात डिस्कचं नावही असतं. दुसरी डिस्क जोडली आणि एसडीएची एसडीबी झाली, की नाव बदललं. म्हणून विंडोजची ओळ आपणच लिहायची आणि ती यादीच्या अगदी वर बसवायची. शून्याच्या वर काही येत नाही, त्यामुळे खाली किती ओळी वाढल्या तरी फरक पडत नाही.

ग्रब.डी फोल्डरमधल्या स्क्रिप्टच्या नावाआधी आकडे असतात: १०_लिनक्स, २०_मेमटेस्ट८६+, ३०_ओएस-प्रोबर, ४०_कस्टम. ज्या क्रमानं आकडे, त्याच क्रमानं मेन्यूत ओळी. ४०_कस्टम आपल्यासाठी मोकळी ठेवलेली असते. तिचीच प्रत लहान आकड्यानं काढायची:

सुडो सीपी /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम /ईटीसी/ग्रब.डी/०६_आबा

आता विंडोजचा मजकूर. तो स्वतः टाइप करू नका, एखादा कंस राहून जातो. ओएस-प्रोबर नावाची स्क्रिप्ट डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधून तो मजकूर तयार करून ठेवते, तो उचलायचा. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून हा शोध मुळात बंद ठेवलेला आहे, त्यामुळे काहींच्या मेन्यूत विंडोज दिसतच नाही. तसं असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये

ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स

ही ओळ घाला आणि अपडेट-ग्रब चालवा. मग

सुडो लेस /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

असं करून फाइल उघडा आणि विंडोज असलेली 'मेन्यूएंट्री' शोधा. तिथून सुरू होणारा आणि महिरपी कंसानं संपणारा तुकडा कॉपी करा. त्यात 'सर्च' असलेल्या ओळीत चार-चार अक्षरांचा, मध्ये आडवी रेघ असलेला एक नंबर दिसेल. तो ईएफआय पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवरच्या बूटच्या फाइली असलेल्या भागाचा, ओळख क्रमांक. डिस्कचं नाव बदललं तरी तो बदलत नाही. शेवटच्या 'चेनलोडर' ओळीत बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय हे विंडोजच्या लोडरचं नाव असेल. जुन्या, यूईएफआय नसलेल्या मशिनवर मजकूर वेगळा दिसतो, पण उचलायची पद्धत हीच.

हा तुकडा ०६_आबा मध्ये, आधीपासून असलेल्या ओळींच्या खाली चिकटवा. वरच्या ओळींना, विशेषतः 'एक्झेक टेल' वाल्या ओळीला, हात लावू नका. पहिल्या अवतरणातलं नाव तेवढं बदला. माझ्याकडे तिथे इंग्रजी अक्षरांत 'आबा - हिशेब (विंडोज)' आहे. मराठीत लिहून पाहिलं होतं, फार इच्छा होती. पण या स्क्रीनवर जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळत नाहीत, आणि सत्तरीच्या माणसाला तुटकी अक्षरं वाचायला लावणं मला पटलं नाही.

शेवटी सेटिंगच्या फाइलमध्ये:

ग्रब_डिफॉल्ट=०
ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=ट्रू

दुसरी ओळ अशासाठी की आता विंडोज आपण स्वतः लिहिलंय, नाहीतर तेच खाली दुसऱ्यांदा दिसेल. बरोबरच्या चिन्हाच्या (=) दोन्ही बाजूंना स्पेस द्यायची नाही. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली ओळ तशीच चिकटवू नका, तिथली वळणदार अवतरणचिन्हं ग्रबला कळत नाहीत.

थांबायचं किती

ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू
ग्रब_टाइमआउट=८

आठ सेकंद मी मोजून ठरवले. तीन ठेवले होते, तेव्हा मॉनिटर जागा होईपर्यंतच दोन जायचे आणि भाच्याला बाण दाबायला वेळच मिळायचा नाही. कुठलाही बाण दाबला की उलटी मोजणी थांबते, मग निवांत निवडता येतं. उणे एक दिलं तर ग्रब कायमचं थांबून राहतं. आमच्याकडे ते उपयोगाचं नाही, आबांना काही दाबायला लागू नये हाच तर हेतू.

वीज जाणाऱ्या गावात आणखी एक गोष्ट माहीत हवी. उबुंटू सुरू होता होता लाइट गेली, तर पुढच्या वेळी ग्रब आठऐवजी तीस सेकंद थांबतं, कारण मागचा प्रयत्न फसल्याची त्यानं नोंद ठेवलेली असते. घरच्यांना वाटतं मशिन अडकलं आणि ते परत बटण दाबून बंद करतात. ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=८ अशी ओळ घातली की तो फरक मिटतो.

मेमरी टेस्टच्या ओळी मी काढून टाकल्या. स्क्रिप्ट पुसायची नाही, फक्त तिची चालण्याची परवानगी काढायची:

सुडो सीएचमॉड -एक्स /ईटीसी/ग्रब.डी/२०_मेमटेस्ट८६+

'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मात्र ठेवा. मेन्यू सुटसुटीत दिसावा म्हणून लोक तेही काढतात, पण नवं कर्नल बिघडलं तर जुन्यावर जायची वाट तिथूनच असते. तसंच 'उबुंटू' हे नाव बदलायला 'ग्रब_डिस्ट्रिब्युटर' ला हात लावू नका. ग्रब पुन्हा इन्स्टॉल होताना ईएफआय पार्टिशनमधल्या फोल्डरचं नावही त्याच शब्दावरून ठरतं, आणि मग नसता घोळ होतो.

अक्षरं मोठी, मागे प्रीतिसंगम

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मोठ्या मॉनिटरवर ग्रबची अक्षरं मुंगीएवढी येतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रिझोल्यूशन कमी करणं:

ग्रब_जीएफएक्समोड=८००x६००

यातला एक्स इंग्रजी लहान अक्षरातला. 'ग्रब-एमकेफॉन्ट' नं मोठा फॉन्ट तयार करून 'ग्रब_फॉन्ट' मध्ये त्याचा पत्ता देता येतो, दिसतोही छान. पण सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीच्या फाइली चालू देणारी सोय) चालू असेल तर असा फॉन्ट नाकारला जाऊ शकतो. रिझोल्यूशनला ती भीती नाही, म्हणून मी तेच ठेवलं.

मागे चित्र हवं असं आबाच म्हणाले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचा भाच्यानं काढलेला फोटो होता, संध्याकाळचा. तो /बूट/ग्रब मध्ये पीएनजी करून ठेवला आणि सेटिंगमध्ये 'ग्रब_बॅकग्राउंड' ला पूर्ण पत्ता दिला. पहिल्यांदा लावला तेव्हा पाण्यावरच्या उजेडात नेमकी विंडोजची ओळ बुडाली. मग फोटो एडिटरमध्ये तो निम्म्याहून जास्त काळोखा केला आणि आकार बरोबर ८०० बाय ६०० ठेवला. आता अक्षरं उठून दिसतात, आणि नदीही ओळखू येते.

चालवून बघताना

सुडो अपडेट-ग्रब

कंस किंवा अवतरण चुकलं असेल तर ही कमांड इथेच 'सिंटॅक्स एरर' म्हणून थांबते आणि जुनी ग्रब.सीएफजी जागेवर राहते, म्हणजे मशिन आधीसारखं सुरू होतंच. निर्धास्त राहा, चूक शोधा, परत चालवा. तरीही उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह जवळ असल्याशिवाय मी हे काम सुरू करत नाही.

विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ग्रबमधून विंडोज उघडताना ती मागितली जाऊ शकते, आणि त्या वेळी ती शोधत बसणं फार वाईट.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मेन्यू दिसेनासा झाला तर घाबरू नका. बहुतेकदा ग्रब गेलेलं नसतं, फर्मवेअरच्या यादीत विंडोज पुढे सरकलेलं असतं. सुरू होताना एफ१२ किंवा एफ११, तुमच्या मशिनला जे लागू असेल ते, दाबून उबुंटू निवडा. आत गेल्यावर 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' चालवा, सगळ्या नोंदी आणि त्यांचा क्रम दिसेल. उबुंटूचा चार आकडी क्रमांक पुढे घेऊन क्रम परत द्या, उदाहरणार्थ

सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००१,००००

आणि मेन्यू लपवलेला असताना एस्केप दाबून तो काढायचा असेल तर एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबलं तर मेन्यूऐवजी काळ्या स्क्रीनवर 'ग्रब>' एवढंच उरतं. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर दाबलं आणि लगेच एकदा एस्केप दाबलं की मेन्यू परत येतो.

रीस्टार्टवर समाधान मानू नका. मशिन पूर्ण बंद केलं, आबांना खुर्चीत बसवलं आणि मी मागे उभा राहिलो. त्यांनी बटण दाबलं, नदी दिसली, आठापासून आकडे उतरले आणि विंडोज उघडलं. मग भाच्यानं तेच केलं, एकदा खाली बाण आणि एंटर, उबुंटू. दोघांकडून तीन-तीनदा करवून घेतलं. ईएफआय पार्टिशनचा तो नंबर, ०६_आबा फाइलचा पत्ता आणि 'एस्केप एकदाच' एवढं मार्करनं लिहून कागद कॅबिनेटच्या बाजूला चिकटपट्टीनं लावला आहे, फोनवर वाचून दाखवता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.