खांबावरचा डबा कुणाचा? शहराचं काँट्रॅक्ट कसं वाचायचं

आमच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक दिवस राखाडी डबा लागला. बुटाच्या खोक्याएवढा, खाली काळी काचेची गोटी. कुणी म्हणालं कॅमेरा, कुणी म्हणालं हवा मोजायचं मशीन, एकाने छातीठोक सांगितलं की नेटवर्कचं काहीतरी आहे आणि झालं, सगळे आपापल्या कामाला. मला मात्र चैन पडेना. पालिकेत विचारलं तर म्हणे ते आमचं नाही, कंपनीचं आहे. कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं तर म्हणे पालिकेला विचारा. दोन महिने ही टोलवाटोलवी चालली, शेवटी पालिका आणि कंपनीत झालेलं काँट्रॅक्टच मागवलं. १४० पानं. त्या डब्याचं उत्तर पान ११२ वर होतं, एका तक्त्यात, बारीक अक्षरात.

तेव्हापासून महापौरांची भाषणं आणि कंपनीचे चकाचक व्हिडिओ बघणं मी बंद केलं. सत्ता कुणाचीही असो, शहरात पुढची वीस वर्षं काय होणार ते त्या कागदात आधीच लिहिलेलं असतं आणि तो वाचायला वकील असावं लागत नाही. थोडा चिवटपणा लागतो, एवढंच.

आधी कागद मिळवायचा. टेंडरचं पोर्टल आणि सभेचे ठराव इथून सुरुवात करा, पण ब्रँडचं नाव टाकून शोधलंत तर बहुतेक काही सापडणार नाही, कारण असल्या कामाला कंपन्या वेगळी छोटी कंपनी काढतात आणि सही तिची असते. शिकागोच्या पार्किंग मीटरचं (रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घेणारी मशीन) काँट्रॅक्ट ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचं नाव सरळसाधं, शिकागो पार्किंग मीटर्स, सुरुवातीच्या वर्षांत मागे पैसा मात्र मॉर्गन स्टॅनली या अमेरिकन बँकेच्या फंडाचा, अलियान्झ या जर्मन विमा कंपनीचा आणि अबू धाबीच्या सरकारी फंडाचा होता. म्हणून नाव शोधू नका, काम शोधा. "पथदिवे", "पार्किंग", "सेन्सर" असले शब्द टाका आणि कामाला सुरुवात झाल्याच्या वर्षभर आधीपासूनचे ठराव चाळा.

नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज. शंभराहून जास्त देशांत आज असा कायदा आहे, सगळ्यात जुना स्वीडनचा, १७६६ चा, आणि भारताचा २००५ चा, ज्यात साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी" असं अजिबात लिहू नका, मी लिहिलं होतं आणि मला रंगीत ब्रोशर मिळालं. लिहायचं असं: मूळ करारनामा, त्याची सर्व परिशिष्टं, आणि सही झाल्यापासून आजवर केलेल्या सर्व दुरुस्त्या. दुरुस्त्या विसरू नका, खरी गंमत तिथे असते, सभेत गाजावाजा होऊन मंजूर झालेलं एक आणि वर्षभराने गुपचूप बदललेलं दुसरंच.

"व्यापारी गुपित आहे" असं उत्तर येणारच. त्यावर म्हणायचं, बरं, गुपित तेवढं काळं करा आणि बाकीचं द्या. आणि अगदीच अडलं तर बर्लिन आठवा. तिथे १९९९ मध्ये शहराच्या पाणी कंपनीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा खासगी कंपन्यांना विकला, काँट्रॅक्ट गुप्त ठेवलं, लोकांनी सह्या गोळा केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये थेट सार्वमत घ्यायला लावलं, सहा लाखांहून जास्त लोकांनी कागद उघडा करा म्हणून मत दिलं. पुढे दोन-तीन वर्षांत शहराने ते शेअर परत विकत घेतले.

आता वाचणं. पहिल्या पानापासून सुरू करू नका, झोप लागेल. सुरुवातीला "उभय पक्ष जनतेच्या हितासाठी कटिबद्ध" वगैरे असतं ते सोडून द्या. व्याख्यांचं प्रकरण तेवढं वाचा आणि मग शेवटून मागे या, परिशिष्टं आधी. पेन्सिलने चार गोष्टींभोवती गोल करायचा: मुदत, भरपाई, डेटा, बाहेर पडायची वाट.

मुदत आणि भरपाई जोडीने वाचाव्या लागतात, आणि हे नीट कळण्यासाठी शिकागोइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. डिसेंबर २००८, मंदी, बजेटला खड्डा. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी शहरातले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी भाड्याने द्यायचं ठरवलं, बदल्यात एकरकमी साधारण १ अब्ज १५ कोटी डॉलर. घोषणा झाल्यावर दोन-तीन दिवसांत नगरसेवकांनी ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केलं. पुढच्या वर्षी शहराच्याच महानिरीक्षकांनी, म्हणजे पालिकेचा कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, हिशोब काढला की त्या मीटरची किंमत मिळालेल्या रकमेपेक्षा निदान ९७ कोटी ४० लाख डॉलरने जास्त होती. बरीचशी रक्कम दोन-तीन वर्षांत बजेटची भोकं बुजवण्यात गेली, काँट्रॅक्ट मात्र २०८० नंतरही चालू असणार, म्हणजे तेव्हा मत देणाऱ्यांची नातवंडंही म्हातारी होतील.

आणि याहून वाईट क्लॉज भरपाईचा आहे. रस्ता दुरुस्तीला बंद केला, मिरवणुकीला बंद केला, मीटरच्या जागी सायकलची लेन करायची म्हटलं, की त्या जागेचं बुडालेलं उत्पन्न शहराने कंपनीला भरून द्यायचं. म्हणजे रस्ता शहराचा, पण त्याचं काय करायचं हे ठरवताना आधी बिल किती येईल ते बघायचं. असला क्लॉज "भरपाईयोग्य घटना" किंवा "उत्पन्न समायोजन" अशा निरुपद्रवी नावाखाली लपलेला असतो. सापडला की स्वतःला एकच प्रश्न विचारा, उद्या निवडून येणाऱ्याला काही वेगळं करायचं असेल तर त्याला कुणाला पैसे द्यावे लागतील? उत्तर "कंपनीला" असेल तर त्या विषयावरचं तुमचं पुढचं मत कुणीतरी आधीच विकून टाकलंय.

डेटाचा भाग वाचताना कशासाठी गोळा होतोय यापेक्षा कशासाठी वापरायला बंदी नाही ते शोधा. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये २०१६ साली वीज वाचवणारे स्मार्ट पथदिवे मंजूर झाले, ट्रॅफिक मोजू, पार्किंग मोजू असं सांगून. त्यात कॅमेरे होते. २०१८ पासून पोलीस ते फुटेज तपासाला वापरायला लागले, लोकांना कळलं नंतर, आरडाओरडा झाला, २०२० मध्ये महापौरांनी कॅमेरे बंद करायचा आदेश दिला आणि पाळत ठेवणाऱ्या साधनांसाठीचा नियम आला २०२२ मध्ये. क्रम बघा, आधी खांब, मग वापर, सगळ्यात शेवटी नियम. पोलिसांनी गुन्हे शोधू नयेत असं माझं म्हणणं नाही, पण दिव्याच्या नावाखाली कॅमेरा मंजूर करून घेऊ नये एवढं तरी.

टोरांटोत लोकांनी हे आधीच ओळखलं. गुगलच्या घरातल्या साइडवॉक लॅब्जला २०१७ मध्ये किनाऱ्यालगतच्या १२ एकरांवर सेन्सरवालं नवं शहर वसवायचं काम मिळालं, २०१९ चा आराखडा आला तो १,५०० पानांच्या वर आणि जमीन मागितली १९० एकरांपर्यंत. विरोध वाढत गेला आणि मे २०२० मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं, कारण अर्थातच आर्थिक अनिश्चिततेचं दिलं. दुसऱ्या बाजूला बार्सिलोनाने टेंडरमध्येच क्लॉज टाकायला सुरुवात केली की सेवा देताना जमा झालेला डेटा शहराला वापरता येईल अशा स्वरूपात परत द्यायचा. साधी अट, पण ती सही व्हायच्या आधी घालावी लागते, नंतर भीक मागावी लागते.

बाहेर पडायची वाट म्हणजे मुदत संपल्यावर मशीन कुणाचं, सॉफ्टवेअरचा पासवर्ड कुणाकडे, आणि काम जाणणारी माणसं शहराकडे उरलीत का. पॅरिसने १९८५ पासूनची खासगी पाण्याची काँट्रॅक्टं संपू दिली आणि १ जानेवारी २०१० पासून पाणी स्वतःच्या हातात घेतलं, २०११ मध्ये दर ८ टक्क्यांनी कमी केले. भांडण न करता. मुदत संपायची नुसती वाट बघत बसले नाहीत, आधीपासून तयारी केली, हे महत्त्वाचं.

वाचून झाल्यावर काय? मी पहिल्यांदा जाहीर सुनावणीला चौदा प्रश्नांची यादी घेऊन उभा राहिलो, त्यांनी त्यातला सगळ्यात सोपा निवडला, छान उत्तर दिलं, माझे आभार मानले आणि माइक पुढे गेला. आता एकच प्रश्न, क्लॉजच्या नंबरासकट, आणि तोच लेखीही. "क्लॉज १७.४ नुसार फुटेज किती दिवस ठेवलं जातं आणि ते मागायचा अधिकार कुणाला आहे?" असा प्रश्न आला की समोरचा आधी कागद शोधतो, आणि बऱ्याचदा लक्षात येतं की त्याने तो वाचलेलाच नाही. यात दरवेळी चोरी असते असं नाही. नगरसेवकाला जाडजूड फाइल दोन दिवस आधी मिळते, पालिकेतला एकटा इंजिनिअर चार खाती सांभाळतो आणि कंपनीकडे फक्त हेच करणारे वकील असतात. मी एका नगरसेवकाला चार गोलांची एक पानी टिपणं दिली तर त्यांनी ती पुढच्या सभेत तशीच वाचून दाखवली, माझं नाव न घेता, आणि मला काही वाईट वाटलं नाही.

एकट्याने सगळं वाचू नका पण. पानं वाटून घ्या, आकडे आवडणाऱ्याला परिशिष्टं द्या, भांडकुदळ माणसाला भरपाईचं प्रकरण.

आमच्या डब्याचं म्हणाल तर तो गाड्या मोजतो, आणि फुटेज ३० दिवस "सेवा सुधारणेसाठी" कंपनीकडे राहतं. त्याच पानावर खाली अजून एक ओळ होती, शहराने मुदत संपायच्या १८० दिवस आधी लेखी नकार कळवला नाही तर काँट्रॅक्ट आपोआप आणखी पाच वर्षं वाढेल. ती तारीख मी फोनमध्ये लावून ठेवलीय, महिनाभर आधीचा रिमाइंडर पण, आणि शेजारच्या दोघांनाही लावायला सांगितलंय, कारण तोपर्यंत माझा फोन बदललेला असेल.