पाइनफोनवर नवं लिनक्स? आधी कार्डावर

पाइनफोन या लिनक्सवर चालणाऱ्या फोनवर पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स सिस्टीम चालवून बघायचीय? आतल्या ईएमएमसीला, म्हणजे फोनच्या कायमच्या मेमरीला, हात लावू नका. हा फोन सुरू होताना आधी मायक्रोएसडी कार्ड बघतो, मग आतली मेमरी. इमेज, म्हणजे सिस्टीमची तयार फाइल, कार्डावर लिहा. नाही आवडली तर कार्ड काढा, जुनी सिस्टीम जागच्या जागी. (पाइनफोन प्रोचं गणित वेगळं.)

कार्ड मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर आणखी कुठून, तपासून घ्या. माझं स्वस्तातलं ६४ जीबी प्रत्यक्षात ८ चंच निघालं, आणि मी दोन रात्री कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, शिव्या घालत बसलो! लिनक्स लॅपटॉपवर एफ३ हे मुक्त साधन घाला. त्यातलं एफ३राइट रिकामं कार्ड काठोकाठ भरतं, एफ३रीड ते वाचून खरी क्षमता सांगतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.