हूड घेण्याआधी डोकं मोजा, आणि काढायलाही शिका

पप प्ले म्हणजे मोठ्या माणसांनी कुत्र्याचं पिल्लू होऊन खेळणं; याहून मागे जाऊन ज्यांना सांगावं लागेल, त्यांच्यासाठी हे नाही. तुम्ही अठरा वर्षांवरचे आहात, एखाद-दुसऱ्या मॉशला, म्हणजे पपांच्या एकत्र खेळाला, जाऊन आलात, कडेला उभं राहून मॅटवर लोळणारे पप पाहिलेत, आणि घरी येऊन रात्री दोन वाजता हूडची, म्हणजे डोकं झाकणाऱ्या कुत्र्याच्या मुखवट्याची, चित्रं बघत बसलात, असं मी धरून चालतो. मीही तसाच बसलो होतो. २०२२ चा फेब्रुवारी, बर्लिनमधली भाड्याची खोली आणि खात्यात २८० युरो.

त्यातले १६० युरो मी अमेरिकेतल्या एका दुकानाला पाठवले. काळ्यावर पिवळी कड असलेला निओप्रीनचा हूड. साइज कुठून काढली? पुण्यातलं माझं स्कूटरचं हेल्मेट 'एम' होतं, म्हणून 'एम'. बस्स, एवढाच विचार.

आधी पैशांचं उरकून घेतो. युरोपीय संघाबाहेरून पार्सल मागवलं की जर्मनीत १९ टक्के व्हॅट लागतो. तोही फक्त वस्तूवर नाही, टपालखर्च धरून. माझी वस्तू तेव्हाच्या १५० युरोच्या शुल्कमाफीच्या मर्यादेच्या वर होती, म्हणून वर आयातशुल्क, आणि कुरिअरवाल्याची हाताळणी-फी वेगळी. २०२१ पासून ब्रिटनही या बाबतीत परदेशच. परत पाठवायचं तर टपाल आपल्या खिशातून. संघातल्या दुकानातून ऑनलाइन घेतलं तर चौदा दिवसांत परत करता येतं, पण रंग सांगून मुद्दाम शिवून घेतलेल्या मालाला तो नियम लागू नाही. म्हणजे तुमच्या आवडीच्या रंगांचा हूड चुकला की चुकला.

आता मुख्य गोष्ट. हूड आला, घातला, आणि दहा मिनिटांत कानशिलं ठणकायला लागली. मला वाटलं, नवी कोल्हापुरीही चावते, चार दिवसांनी पायाला बसते. हाच तो खड्डा. कोल्हापुरी चामड्याची असते, चामडं अंगाच्या ऊबेने आणि घामाने आकार घेतं. निओप्रीन म्हणजे रबराचा फेस, आत बंद बुडबुडे. ताणलं की ताणतं, सोडलं की परत तिथेच येतं. ते 'सैल होईल' म्हणून वाट बघू नका. मी दोन महिने बघितली. नंतर एका अनुभवी म्हणवणाऱ्या पपने सांगितलं, आत फुटबॉल कोंबून चार रात्री ठेव. ठेवला. हूड सैल झाला नाही, भुवईवरची शिवण मात्र उसवली. अनुभवी माणसांबद्दल माझं मत तेव्हापासून जरा बिघडलेलं आहे.

तर मोजायचं असं. शिंप्याची कापडी टेप घ्या. पहिलं माप भुवयांच्या वरून, मागे कवटीचा जो उंचवटा लागतो त्यावरून, गोल. केस वाढलेले असतील तर तसेच ठेवून. दुसरं माप हेल्मेटवाला कधी घेत नाही, आणि माझं तिथेच चुकलं: हनुवटीखालून कानांच्या पुढून टाळूवर, पुन्हा खाली हनुवटीशी. हूड जबड्यालाही धरतो, कवटीला टोपी बसते तसा नुसता बसत नाही. दाढी ठेवत असाल तर दाढीसकट मोजा. तिसरं माप गळ्याचं. दुकानाचा तक्ता बघा, दोन साइजच्या मध्ये आलात तर मोठी घ्या, कारण मागची दोरी किंवा पट्टा आवळता येतो, कापड वाढवता येत नाही. माझं डोकं ५९ सेंटिमीटर निघालं. हेल्मेटच्या आतला फोम सहा वर्षांत दबून गेला होता, म्हणून ते 'एम' मला बसत होतं!

आणि चष्मा. मला उणे चार आहे. हूडखाली काड्या कानामागे रुततात, काचांवर वाफ धरते. चष्मा काढला तर समोरचा पप लॅब्राडोर का डॉबरमन ते कळत नाही. लेन्स वापरायला शिका किंवा तोंडाचा भाग सुटा काढता येणारा हूड घ्या. डोळ्यांची भोकं कितीही मोठी असोत, बाजूचं दिसत नाही. पहिल्या दिवशी घरातच चार पायांवर फिरून बघा, टेबलाचा कोपरा कुठे लागतो ते कळेल.

हे सगळं परवडलं, पण जूनमध्ये जे झालं ते नको. तळघरातली जागा, तीसेक माणसं, बाहेर उकाडा. डोक्यावर माझा घट्ट हूड, हातांत नवे मिट्स, म्हणजे मुठी आत बंद करणारे गादीचे पंजे. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. हूड काढायचा तर मागची दोरी सोडायला बोटं पाहिजेत, आणि बोटं मिट्समध्ये. मिट्स काढायचे तर मनगटाचा पट्टा दुसऱ्या हाताने सोडावा लागतो, तोही मिट्समध्येच. दाताने ओढावं तर तोंडापुढे हूडचं थोबाड. शेजारच्याला वाटलं मी रंगात येऊन धडपडतोय. दोन जणांनी मिळून सोडवलं, पायऱ्यांवर बसवलं, पाणी दिलं. फार काही झालं नाही. पण ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं.

म्हणून मिट्स घेताना एकच बघा: वेल्क्रो आहे का, आणि तो गुडघ्याखाली दाबून एकट्याने सुटतो का. बकलवाले देखणे दिसतात, पहिल्यांदा घेऊ नका. घरी घड्याळ लावून सराव करा. मिट्स काढ, हूड काढ, वीस सेकंदांत व्हायला पाहिजे. नसेल होत तर एक वस्तू घरी ठेवून जा. बोलता येत नसेल तेव्हा 'बास' कसं सांगायचं, म्हणजे तीनदा जमिनीवर थाप वगैरे, हे सोबतच्याशी आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं.

घाबरवून टाकलं असेल तर एक सांगतो: यातलं काहीही नसलं तरी चालतं. गियर नाही म्हणजे पप नाही, असं म्हणणारे भेटतील. त्यांना मान डोलवा आणि मॅटवर जा. मी पाहिलेला सगळ्यात मोकळा पप जुन्या टी-शर्टात आणि जाड मोज्यांचे पंजे करून येतो.

माझं ऐकाल तर पहिला खर्च गुडघ्यांवर करा. मॅटवर व्हॉलीबॉलचे साधे पॅड पुरतात. काँक्रीट असेल तर लादी बसवणारे कामगार वापरतात ते कडक कवचाचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात. गुडघ्याच्या वाटीवर एक छोटी पिशवी असते, सतत दाब आला की ती सुजते. फरशी पुसणाऱ्यांना होतं ते दुखणं. मला तीन आठवडे जिना चढता येत नव्हता. आईने व्हिडिओ कॉलवर खुर्चीवरचे पॅड बघून विचारलं, "फुटबॉल खेळतोयस का रे?" मी हो म्हणालो.

कॉलर खऱ्या कुत्र्यांच्या दुकानातून घेतली तरी हरकत नाही, रुंद आणि साधी. ओढल्यावर आवळणारी साखळी मात्र माणसाच्या गळ्यात कधीही नको. आत दोन बोटं सहज जायला हवीत. लीश, म्हणजे धरायची दोरी, लावायचीच तर हार्नेसच्या (छातीवरच्या पट्ट्यांच्या) कडीला, गळ्याला नाही. आणि कॉलरला कुलूप लावून मिरवू नका. बघणारे त्याचा अर्थ 'हा कुणाचातरी आहे' असा घेतात. दुसऱ्याच भेटीत तुम्हाला कॉलर घालायला निघालेला हँडलर, म्हणजे पपला सांभाळणारा, भेटला तर त्याला नम्रपणे कॉफी पाजून घरी पाठवा.

रंगांचंही तसंच. मी पिवळी कड घेतली कारण हळदीचा रंग, शुभ. हातरुमालांची जुनी रंगभाषा या जगात अजून वाचली जाते, डावा-उजवा दंडसुद्धा. बर्लिनच्या शोनेबर्ग भागात तिघांनी मला हसत हसत काहीतरी विचारलं तेव्हा पिवळ्याचा अर्थ कळला. इथे लिहीत नाही. पण तुम्ही विकत घेण्याआधी शोधा.

हार्नेस मी सुट्टीत मुंबईला आलो तेव्हा धारावीतल्या कारागिराकडून करून घेतला. कागदावर काढून नेला, छातीचं माप काखेखालून, श्वास भरून घेतलेलं. त्यांनी विचारलं, "घोड्यासाठी का?" मी म्हटलं, नाटकासाठी. त्यांनी नुसती वाकवलेली कडी बाजूला ठेवून सांधा जोडलेली लावली, म्हणाले वाकवलेली जोर पडला की उघडते. माझ्या दोन वर्षांच्या धडपडीत मला मिळालेला हा सगळ्यात चांगला सल्ला, आणि तो देणाऱ्याला पप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

धुण्याचं: निओप्रीन गार पाण्यात, बाळाच्या शांपूने, उलटं करून, सावलीत वाळत. हीटरवर टाकू नका. चामडं पाण्यात बुडवू नका. शेपूट पट्ट्याला अडकवायची घ्या, बाकीच्यांची चौकशी नंतर.

उसवलेला हूड मी विकला नाही. दोनदा कुणीतरी विचारलं, 'एम' आहे का म्हणून. दोघांनाही आधी टेप आणायला सांगितलं. एक ५८ निघाला, दुसरा परत आला नाही.